खिडकीतला राउटर

अर्ज ऑनलाइन केलेत तुम्ही. लाइन कुठे दिलीत?

वरच्या कुठल्या तरी थंडगार खोलीत बसून तुम्ही ठरवलंत की यंदापासून अकरावीचे फॉर्म कॉम्प्युटरवर. टाळ्या वाजल्या असतील. शिरगावात टेलिफोनची तार मागून मागून लोकांचे केस पिकले, दुपारी वीज कधी जाईल ते सांगायला माणूस नाही, आणि तुम्ही सोळा वर्षांच्या पोरांना म्हणालात, ‘घरबसल्या भरा.’ कोणाच्या घरी बसून, साहेब? तुमच्या?

आणि चार पोरांचे फॉर्म कोणीतरी परस्पर बदलले, तेव्हाही तुम्हीच म्हणालात, तुमच्याच कनेक्शनवरून झालंय, तुमचं तुम्ही बघा.

बरं. बघितलं. काय दिसलं ते आता गुमान ऐका.

सोमवारी भर दुपारी सम्यक ओव्हाळ गाढ झोपला होता. रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारीच झोपणार. उशीखालचा मोबाइल थरथरला. एसएमएस होता, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत:

Char porancha form badalla. Payal radte. Lagech viharat ye. Jaybhim. Sudam.

सम्यक बनियनवरच निघाला. पायल त्याची धाकटी बहीण. दहावीला शाळेत पहिली आलेली. तिला सायन्सला जायचं होतं, कल्याणच्या चांगल्या कॉलेजात, आणि पुढे औषधं बनवायला शिकायचं होतं. त्यांची आई माया अंबरनाथ एमआयडीसीत औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायची. पायल म्हणायची, “आईने बाहेरून चिकटवलं, मी आत काय भरायचं ते ठरवणार.” घरातलं सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं.

विहाराच्या हॉलमध्ये ती कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसली होती. डोळे लाल.

“दादा, माझी सगळी कॉलेजं गेली. एकच उरलंय. आणि खाली लिहिलंय, फॉर्म लॉक.”

“कुठलं उरलंय?”

पायलने नुसतं खिडकीबाहेर बोट दाखवलं. माळावर गुलाबी रंगाची नवीकोरी इमारत उभी होती. भाऊंचं ज्युनियर कॉलेज. भाऊ म्हणजे इथले पुढारी. इमारतीला रंग लागला होता, पण सायन्सच्या लॅबला अजून नळ लागले नव्हते.

“तू लॉक केलंस?”

“नाही! तूच म्हणालास, नुसतं सेव्ह करा, संध्याकाळी मी बघतो, मग लॉक करू.”

सात पोरांनी त्या सकाळी विहारातून फॉर्म भरले होते. त्यांतल्या चौघांचे बदलून लॉक झाले. चारही जागी तेच गुलाबी कॉलेज. तिघांचे जसेच्या तसे राहिले.

सम्यकने हेल्पलाइनला फोन लावला. आधी सनई वाजली. मग बाई बोलल्या. त्यांचं प्रत्येक वाक्य सम्यकला पाठ होतं, कारण तो स्वतः रोज रात्री ऐरोलीच्या कॉल सेंटरमध्ये ‘सॅम’ बनून हीच वाक्यं अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांना ऐकवायचा. त्यांचे राउटर बंद पडायचे, हा इथून चालू करून द्यायचा. तिकडच्या कुत्र्यांच्या खोलीतसुद्धा नेट पोचवलं होतं त्याने. स्वतःच्या गल्लीत पोचवता येत नव्हतं.

“सर, सकाळची माहिती आणि दुपारचे बदल एकाच कनेक्शनवरून झालेत,” बाई म्हणाल्या. “म्हणजे तुमच्याकडच्याच कोणीतरी केलेत.”

“मग आता?”

“उद्या शेवटची तारीख आहे. केंद्र बंद व्हायच्या आत उल्हासनगरला या. ज्याने केलं त्याला घेऊन या. मग बघू.”

“म्हणजे चोर मी शोधू?”

“आपल्याला अजून काही मदत करू शकते का, सर?”

हेही वाक्य त्याला पाठ होतं. त्याने फोन आपटला.

आता ते कनेक्शन म्हणजे काय, ते सांगायला हवं.

शिरगावात नेट फक्त डेटा कार्डावर मिळायचं. पेनड्राइव्हसारखी दांडी, लॅपटॉपला लावायची. पण विहाराच्या पत्र्याखाली तिला रेंज मिळत नसे. रेंज मिळायची ती फक्त माळाकडच्या खिडकीच्या गजाशी. तिथे उभं राहून सात पोरांनी एकाच लॅपटॉपवर किती फॉर्म भरायचे? म्हणून सम्यकने उल्हासनगर कॅम्प एकमधून जयदेव आहुजाच्या दुकानातून एक प्रवासी राउटर आणला. साबणाच्या वडीएवढा. त्याच्या पाठीत डेटा कार्ड खुपसायचं, की तो आजूबाजूला बिनतारी नेट सोडतो. दोन-तीन मशिनं एका वेळी चालतात.

चालतात म्हणे! रविवारी तो बसवताना सम्यकचा जीव मेटाकुटीला आला. सोबतचं माहितीपत्रक चिनी भाषेत. राउटर कार्डाला ओळखेना, कार्ड कंपनीला ओळखेना. विहारात कॉम्प्युटरचा क्लास घेणारा सुयोग त्याच्या मदतीला होता. शिरगावातल्या जुन्या शेतकरी घरातला पोरगा, शांत. सहाव्यांदा सगळं पहिल्यापासून भरताना तो म्हणाला, “सम्यक, भाताची लावणी परवडली रे. रोप निदान पुन्हा पुन्हा नाव तर नाय विचारत.”

शेवटी हिरवा दिवा लागला. सुतळीने राउटर खिडकीच्या गजाला बांधला. विजेचा भरवसा नाही, म्हणून सुयोग आणि सम्यकने पोरं यायच्या आधीच एक जुनी रिक्षाची बॅटरी आणून टेबलाखाली ठेवली होती आणि राउटर तिच्यावर घेतला होता. टेबलावरची निळी चादर खालपर्यंत सोडली, म्हणजे पोरांचे पाय वायरीत अडकायला नकोत. नेटचा पासवर्ड खडूने फळ्यावर लिहिला, सगळ्यांना दिसावा म्हणून.

हे सगळं उरकल्यावर सुदामकाका हॉलमध्ये आले. सुदामकाका म्हणजे विहार समितीचे सचिव. कंपनीच्या ऑफिसात आयुष्यभर टायपिंग करून निवृत्त झालेले. विहाराची वीट न् वीट त्यांनी वर्गणी मागून रचलेली. पोरांच्या गुणगौरवासाठी त्यांनी सातही जणांचे बैठक क्रमांक आणि गुण नोटीस बोर्डावर लावले होते.

“हे बंद पडलं तर काय करायचं रे?” काकांनी विचारलं होतं.

“बंद करायचं आणि परत चालू करायचं,” सम्यक म्हणाला होता. “आपण दिलेलं नाव तेवढं हा लक्षात ठेवतो. कोण आलं, कोण गेलं, ते सगळं विसरतो.”

“माणसाला पण असं बटण पाहिजे बघ!” काका खो-खो हसले होते.

सोमवारी संध्याकाळी सम्यकने लॅपटॉपवरून राउटरचं पान उघडलं. कोणकोणतं मशीन कधी आलं त्याची नोंद तिथे असते. नोंद दुपारपासूनची होती. सकाळची कोरी. म्हणजे राउटर मधेच बंद होऊन चालू झाला होता.

कॉल सेंटरमध्ये सम्यक एक गोष्ट शिकला होता. गिऱ्हाईक सगळं खरं सांगतं, फक्त एक सोडून. ‘तुम्ही बंद करून चालू केलंत का?’ याचं उत्तर कधीच खरं नसतं. त्याने तोच प्रश्न घेऊन एकेकाला गाठायचं ठरवलं.

पहिला सुयोग.

“दुपारी कुठे होतास?”

“घरी, जेवायला. पोरंपण घरी गेलेली.”

“लॅपटॉप?”

“इथंच, टेबलावर. चालूच होता.”

“हॉलला कुलूप?”

“विहाराला कधी कुलूप असतंय का?”

“राउटर बंद करून चालू केलास?”

“नाय.” सुयोगने सरळ त्याच्याकडे बघितलं. “सम्यक, मला कळतंय तू काय विचारतोयस. आल्यापासून सुदामकाका पण तेच बोलतायत, फक्त माझ्याकडे पाठ करून.”

बोलतच होते काका. दाराशी उभे राहून, ऐकू जाईल अशा आवाजात. “बाहेरच्याला आत घेतलं की असं होतं. क्लास फुकट घेतो म्हणे. आजच्या काळात फुकट कोण देतं?”

“काका, दुपारी तुम्ही इकडे होतात?” सम्यकने विचारलं.

“मी? येऊन-जाऊन असतोच की. मेणबत्त्या ठेवायला आलो होतो.”

“राउटर बंद करून चालू केलात?”

“छे! मला त्यातलं काय कळतं? लाइट गेली होती ना दुपारी, तेव्हा पडला असेल आपोआप बंद.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “तो कॅम्पातला जयदेव पण आला होता. गाडीत लॅपटॉप घेऊन बसला होता बाहेर. त्याचं सायबर कॅफे आहे. आपण पोरांना फुकट फॉर्म भरून दिले तर त्याच्या पोटात दुखणार नाही? आणि नेटचा पासवर्ड फळ्यावर. तू पण ना, सम्यक!”

सम्यकने फळ्याकडे बघितलं. तेवढं तरी खरं होतं.

पण नेटच्या पासवर्डने फॉर्म उघडत नाही. फॉर्मला प्रत्येक पोराचा बैठक क्रमांक लागतो आणि त्याने स्वतः ठेवलेला पासवर्ड. क्रमांक नोटीस बोर्डावर लटकत होते. पासवर्ड मात्र पोरांनी रविवारीच, नावनोंदणी करताना, एकेकट्याने, पाठ वळवून टाकले होते.

त्याने सातही जणांना पुढ्यात बसवलं.

“पायल, पासवर्ड काय ठेवलेलास?”

“तूच म्हणालेलास कोणाला सांगू नको.”

“आता सांग!”

“जयभीम.”

सम्यकच्या कपाळावर आठी पडली. “आणि तू रे?”

“जयभीम.”

“तू?”

“मी पण तेच, दादा. लक्षात राहतं ना.”

सहा जणांनी तेच ठेवलं होतं. सातवा चंदर, खादाड पोरगा, त्याने वडापाव ठेवला होता. एकमेकांना न विचारता, पाठी फिरवून, जगापासून लपवायला यांनी शब्द कोणता निवडला? जो उठल्यापासून झोपेपर्यंत भेटेल त्याला मोठ्याने म्हणतात तो!

“सगळ्यांनी सारखाच लिहिला?” सम्यकने वैतागून विचारलं.

“नाय,” एक पोरगी म्हणाली. “मला स्पेलिंग येत नव्हतं. मी सुयोगसरांना विचारलं. सर म्हणाले आय घाल. मग हिने पण तसंच घातलं. बाकीच्यांनी वाय.”

“पासवर्डचं स्पेलिंग मोठ्याने विचारलंस?”

“हळूच विचारलं.”

पोरं हसली. पायलसुद्धा क्षणभर हसली आणि पुन्हा रडायला लागली. सम्यकला वाटलं, तो राउटर सुतळीसकट उपटून माळावर भिरकावून द्यावा.

मंगळवारी सकाळी, रात्रपाळीला दांडी मारून, न झोपलेल्या डोळ्यांनी तो कॅम्प एकला गेला. जयदेव दुकानाचं शटर वर करत होता.

“आवो साईं! राउटर मस्त चालतोय ना? कल मैं खुद देखके आया.”

“त्याबद्दलच आलोय. काल गाडीत बसून काय करत होतास?”

जयदेवचा हात शटरवरच राहिला. “मतलब?”

“चार पोरांचे फॉर्म बदललेत. आमच्याच नेटवरून. तुझ्याकडे लॅपटॉप होता. तुझं कॅफे आहे.”

“अरे, मी रेंज बघत होतो! खिडकीतून रस्त्यापर्यंत येते का नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकांना सांगायला पाहिजे ना.” जयदेवचा आवाज चढला. “मी धंदेवाला आहे, सम्यकभाई. पण पोरांच्या फॉर्मशी कोण खेळतो? पायलसारखी माझी पण पोरगी नाही का? ती पण यंदाच दहावी पास झाली. आणि तिचा फॉर्म चार दिवस झाले, कॅफे घरचं असून भरला जात नाही! साइट खुलते, बंद होते. बोल, मी कोणाला पकडू?”

“राउटर बंद करून चालू केलास?”

“मी गाडीतून उतरलोच नाही. तुला मेसेज टाकला आणि निघालो. बघ तुझ्या मोबाइलमध्ये.”

सम्यकने मोबाइल काढला. मेसेज होता. काल झोपेत वाचलाच नव्हता.

Router ekdum ok. Range road tak. Jai Jhulelal. Jaidev.

त्याच्या वरच सुदामकाकांचा मेसेज. सम्यकने एक वाचला. दुसरा वाचला. मग मान वर करून दुकानाची पाटी बघितली. मोठी, लाल, इंग्रजी अक्षरांतली: JAIDEV INFOTECH.

तो पाटीकडे इतका वेळ बघत राहिला की जयदेवनेही वळून बघितलं.

“काय झालं? स्पेलिंग चुकलंय काय?”

“नाही,” सम्यक म्हणाला. “तुझं बरोबर आहे. गाडी काढ. शिरगावला चल.”

“दुकान?”

“तुझ्यावर आळ आहे, जयदेवभाई. धुवून काढायचाय की नाही?”

जयदेवने धाडकन शटर खाली ओढलं.

विहाराच्या हॉलमध्ये सात पोरं होती, सम्यकची आई होती, सुयोग भिंतीला टेकून उभा होता. सुदामकाका खुर्चीत, हातात घडी केलेला रुमाल.

“घे, आणलास ना पकडून?” जयदेवकडे बघत काका म्हणाले.

सम्यकने फळा पुसला. खडूचे तीन तुकडे केले. एक जयदेवला दिला, एक सुयोगला, एक काकांना.

“तिघांनी मिळून एकच काम करायचं. जय भीम लिहायचं. इंग्रजी अक्षरांत.”

“हा काय पोरखेळ?” काका म्हणाले.

“खेळ समजा.”

जयदेव पुढे झाला आणि लिहिलं. JAI BHIM. सुयोगने त्याच्या खाली लिहिलं. JAI BHIM. दोघंही बाजूला झाले.

सुदामकाका उठले. फळ्यापर्यंत आले. खडू टेकवला. जे काढला. ए काढला. आणि हात थांबला.



“लिहा ना, काका,” सम्यक म्हणाला. “तीस वर्षं टाइप केलंय तुम्ही. प्रत्येक मेसेजखाली लिहिता. आज जय भीम लिहायला हात का थांबला?”

काकांनी खडू खाली ठेवला. “तुला म्हणायचंय काय?”

“सात फॉर्म होते. चार बदलले. रात्रभर मी विचार करत होतो की चारच का? ज्याला भाऊंच्या कॉलेजात पोरं भरायची आहेत, तो तिघांना दया म्हणून सोडेल का? सोडलं नाही त्याने. त्याला ते तीन उघडलेच नाहीत. उघडले त्या चारही पोरांनी जय लिहिताना वाय घातला होता. दोघींनी आय घातला होता, त्या वाचल्या. चंदर वडापावाने वाचला.”

चंदरने नकळत पोटावर हात ठेवला.

“म्हणजे करणाऱ्याने पासवर्ड चोरला नाही, ओळखला. आपली पोरं काय ठेवणार ते त्याला माहीत होतं. आणि त्याने तो एकाच तऱ्हेने टाकला, ज्या तऱ्हेने त्याची बोटं रोज टाकतात. जयदेवभाईच्या नावातच जय आहे, आयचा. दुकानावर तो, मेसेजमध्ये तो. त्याने केलं असतं तर त्या दोघींचे उघडले असते आणि पायलचा राहिला असता. सुयोगचंही तेच. त्यानेच त्या पोरींना आय सांगितला. त्यांचा फॉर्म तर त्याने पहिल्यांदा उघडला असता. उलटं झालंय.”

“अर्धं शिरगाव वाय घालून लिहितं!” काका ओरडले. “उद्या सगळ्यांना धरशील?”

“खरंय. पण अर्ध्या शिरगावाला माहीत नव्हतं की राउटर बंद करून चालू केला की कोण आलं कोण गेलं ते विसरतो. ते मी याच हॉलमध्ये सांगितलं, आणि तुम्ही हसलात.”

“लाइट गेली होती, म्हणून—”

“तेच तर.” सम्यकने टेबलाजवळ जाऊन निळी चादर वर केली. खाली रिक्षाची काळी बॅटरी. “राउटर विजेवर नव्हताच. लाइट जाऊ दे, येऊ दे, त्याला पत्ता नाही. तो आपोआप बंद पडू शकत नाही, कोणीतरी वायर ओढायला लागते. बॅटरी आहे हे सुयोगला माहीत होतं, कारण त्याने ती माझ्याबरोबर वाहून आणली. त्याने लाइटचं कारण कधी दिलं नसतं. तुम्ही राउटरच्या मागची वायर ओढलीत, परत खोचलीत, आणि दुसरं टोक कुठे जातं ते बघितलं नाहीत. दुपारी लाइट गेली होती, म्हणून तुम्हाला वाटलं, छान निभावलं. सुयोगचा लॅपटॉप उघडाच होता. तोही त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर.”

“पण मी का करीन?” काकांचा आवाज आता बारीक झाला होता. “मी यांचा गुणगौरव ठेवलाय रे.”

उत्तर सम्यकच्या आईने दिलं. 

“कुंदा कुठे लागलीय, सुदामभाऊ?”

कुंदा म्हणजे काकांची सून. दोन महिन्यांपूर्वी नोकरी लागली म्हणून काकांनी याच हॉलमध्ये पेढे वाटले होते. लायब्ररीत लागली म्हणाले होते. लायब्ररी कुठली ते कोणी विचारलं नव्हतं. शिरगावात लायब्ररी असलेली नवी इमारत एकच होती, आणि ती खिडकीतून दिसत होती.

काका खुर्चीत बसले. रुमाल उघडला, पुन्हा घडी केला.

“भाऊ म्हणाले, वर्ग भरला नाही तर मान्यता जाईल. कुंदाला ठेवणार नाही. तुमच्या समाजाची हुशार पोरं आणा, बाकीचे मागून येतात, म्हणाले.” ते पायलकडे न बघता बोलत होते. “मला वाटलं, पोरं इथल्या इथे शिकतील. धावपळ नको. काय वाईट आहे त्यात?”

“लॅबला नळ नाहीत, काका,” पायल म्हणाली.

“लागतील की.”

“मग तेव्हा कुंदावहिनीला तिथे शिकवा. मला कशाला?”

सुयोग दारातून बाहेर गेला. काकांनी त्याला हाक मारायला तोंड उघडलं, पण कोणत्या तोंडाने मारणार? कालचे शब्द अजून दारातच पडले होते.

“उठा,” सम्यक म्हणाला. “उल्हासनगरला चला. जे इथे बोललात ते तिथे बोला. पोलिसात जायचं की नाही ते मागून बघू. आधी पोरांचे फॉर्म.”

काका उठले. एवढं मात्र केलं त्यांनी.

जयदेवची व्हॅन केंद्रावर पोचली तेव्हा दार अजून उघडं होतं. खिडकीमागे साहेब. टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी फाइलींचा ढीग, म्हणजे ऑनलाइन.

सुदामकाका खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले, “चार फॉर्म मी बदलले. पोरांचा काही दोष नाही.” आवाज फुटला, पण वाक्य पूर्ण केलं.

साहेबांनी चष्मा वर केला. “बरं. मग?”

“मग काय?” सम्यक म्हणाला. “आता फॉर्म उघडून द्या. पोरं स्वतःची कॉलेजं भरतील.”

“लॉक झालेला फॉर्म उघडायची सिस्टीममध्ये सोय नाही.”

“काल हेल्पलाइनवर सांगितलं, ज्याने केलं त्याला घेऊन या.”

“कोणी सांगितलं? नाव विचारलंत?”

“सर,” पायल पुढे आली, “मी सकाळी बरोबर भरला होता. माझं चुकलं कुठे?”

“पासवर्ड सोपा ठेवायला नको होता.”

“आणि मी कठीण ठेवला असता तर साइट उघडली असती?”

साहेब काहीतरी बोलणार, तेवढ्यात वरचा पंखा मंद झाला, गरगरत थांबला. कॉम्प्युटरचा पडदा काळा. केंद्राची लाइट गेली. साहेबांच्या चेहऱ्यावर असा काही निवांतपणा आला की बस. त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

“आता तर काहीच होणार नाही. लाइट नाही. वरिष्ठांना विचारायला मेलसुद्धा करता येणार नाही. तुम्ही असं करा, लेखी तक्रार—”

“जयदेवभाई,” सम्यक मागे न बघता म्हणाला.

जयदेव व्हॅनकडे गेला. येताना एका हातात लॅपटॉप, आणि दुसऱ्या हाताने सुयोगबरोबर धरलेली रिक्षाची बॅटरी. विहारातून निघताना ती व्हॅनमध्ये ठेवणारा सुयोगच होता. चूपचाप येऊन मागच्या सीटवर बसला होता.

सम्यकने खिशातून राउटर काढला. सुतळी अजून लोंबतच होती. साहेबांच्याच खिडकीच्या गजाला त्याने तो बांधला, पाठीत डेटा कार्ड खोचलं, वायर बॅटरीला लावली. लाल दिवा. नारंगी. पुन्हा लाल. रांगेतली माणसं जवळ सरकली. सुयोग पुटपुटला, “लाग रे बाबा, आज तरी नाव नको विचारू.”

हिरवा.

सम्यकने लॅपटॉप खिडकीतून आत सरकवला, साहेबांच्या फाइलींवर. पडद्यावर पायलचा फॉर्म होता. एक कॉलेज, आणि खाली कुलुपाचं चित्र.

“चोर शोधायचं काम तुमचं होतं, आम्ही केलं. लाइन द्यायची तुमची होती, आम्ही आणली. लाइट तुमची गेली, बॅटरी आमची आहे. वरिष्ठांना मेल करायची होती ना? करा. आम्ही इथे उभे आहोत.”

साहेबांनी लॅपटॉपकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग दाराकडे.

“दाराकडे नको, साहेब. इकडे बघा,” सम्यक म्हणाला. “फॉर्म उघडताय की नाही? बोला.”